अठरा नळ्या

विमानतळावर हर्षालीला बाजूला घेतलं.
यात काय आहे?
ती म्हणाली, चिखल.
अधिकाऱ्यानं कॉलेजचं पत्र वाचलं, परवाना वाचला,
एक नळी उजेडाकडे धरली
आणि अठराच्या अठरा मोजून परत दिल्या,
कुणाचं सोनं असल्यासारख्या.
(हे तिनंच नंतर सांगितलं. आम्हाला काचेबाहेरून
फक्त तिची पाठ दिसत होती
आणि आईची सुकट काढून ठेवल्यामुळे
हलकी झालेली बॅग.)

दहा आठवडे. ब्रेमेन.
स्कॉलरशिप म्हणजे सगळं तेच देतात,
पण आधी आपण भरायचं, पावती पाठवायची, मग देतात.
हे बाबांना समजवण्यात एक रविवार गेला.
मग आईनं भिशीतला स्वतःचा जानेवारीचा नंबर
बेलापूरच्या मावशीच्या एप्रिलशी बदलला
आणि तिकीट निघालं.

माझ्याकडे राहिल्या रिकाम्या बाटल्या
आणि तिनं आखून दिलेला तक्ता:
दर पंधरवड्याला, दिव्याच्या जेट्टीपासून चाळीस पावलं,
ओहोटी चौदा वीस.
बाबा तक्ता बघून म्हणाले,
एवढं कशाला लिवलं? अष्टमी सांगायची.

चपला काठावर ठेवून मी उतरतो.
चिखल आधी थंड लागतो, मग पायाला ओळखतो.
कांदळवनाच्या वर आयटी पार्कच्या काचा,
तिथं कुणीतरी खिडकीशी उभं राहून चहा पीत असेल
आणि विचारत असेल, हा पोरगा काय हरवलंय म्हणून शोधतोय.
मला मानधन नाही.
विचारलं होतं. ती म्हणाली, चॉकलेट.

तिच्या जेवणाच्या सुट्टीत आमचे साडेतीन.
रात्री साडेनऊला ऊन असतं, म्हणते, झोपायची लाज वाटते.
मासा मिळतो, पण चौकोनी, काट्याशिवाय.
आई विचारते, मंग कळतं कसं मासा हाय ते?

एकदा तिनं फोन बाबांना द्यायला सांगितला.
छत्तीस सेंटिमीटरवर एक काळा पट्टा लागलाय.
मशीन म्हणतं, एक्क्याण्णव,
पाच वर्षं इकडेतिकडे.
तुम्हाला काही आठवतं?
बंदीचे दिवस. बाबा जाळं शिवत होते.
मान वर न करता म्हणाले, त्र्याण्णव.
गौरीच्या आधी.
निवट्या वर येऊन पडल्या होत्या, टोपलीनं उचलल्या.
त्याच साली माझं लगीन मोडलं.
पोरीकडचे बोलले, खाडी मेली, आता खातील काय.

तिकडे कुणाच्या तरी ताटलीचा आवाज आला.
इकडे आईनं गॅस बारीक केला.
कुठली होती? तिनं विचारलं.
गोठिवलीची, बाबा म्हणाले,
आणि सुईत दोरा ओवायला उजेडाकडे सरकले.

ऑगस्टात पोस्टरचा फोटो आला.
आलेख, रंगीत पट्टे, नकाशावर आमची खाडी
नखाएवढी.
सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, आभार:
गाईड, संस्था, प्रयोगशाळेतली बाई,
आणि माहितीबद्दल पद्माकर मढवी.
मढवीचं स्पेलिंग चुकलेलं.
मी वाचून दाखवलं. बाबांनी पुन्हा वाचायला लावलं.
माहिती कनची? ते म्हणाले.
मी तर माझं सांगत होतो.

आज अष्टमी. पाचवी बाटली, शेवटची.
ती शनिवारी येईल, रिकाम्या नळ्या घेऊन,
आणि युरो अजून जमा व्हायचे आहेत.
मी चपला काढल्या तर मागे आई.
लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून
तिनं या काठावरून फक्त टोपली घेतली होती,
पाय कधी घातला नव्हता.
साडी वर खोचत म्हणाली,
सरक.
बघू दे किती खोल आहे.